कायोटीची शिकार जीपमधून होत नाही

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या कायोटीच्या (लांडग्या-कोल्ह्याच्या कुळातला अमेरिकेतला रानटी प्राणी) शिकारीवर आलेला लेख वाचला. त्यातले शिकारी उघड्या जीपमधून धुरळा उडवत कायोटीमागे धावतात, संध्याकाळपर्यंत ढीग लावतात, आणि शेवटी या उद्योगाला लेखकाने गुरं पाळणाऱ्यांची सेवा म्हटलं आहे. यातला पहिला भाग ॲरिझोनात सरळ गुन्हा आहे. मोटारीतून बंदुकीचा बार टाकता येत नाही. रस्त्यावर उभं राहून किंवा रस्त्याच्या आरपारही नाही. सेवेच्या दाव्याकडे नंतर येतो. फिनिक्स, चँडलर, टूसॉन या पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत. डिसेंबर-जानेवारीत ऑफिसातले स्थानिक सहकारी बरोबर चलायचा आग्रह करतात. हा लेख खरा मानून कुणी निघाला तर हात हलवत परत येईल, नाहीतर कोर्टात उभा राहील. म्हणून हा दिवस प्रत्यक्षात कसा असतो ते जरा तपशिलाने लिहितो.

कायोटीमागे कुणी धावत नाही, त्याला जवळ बोलावतात. सोनोरन वाळवंटात त्याचं रोजचं खाणं म्हणजे उंदरांच्या नाना जाती, कॉटनटेल ससे आणि लांब कानांचा जॅकरॅबिट. हंगामात मेस्किटच्या शेंगा (आपल्याकडे माजलेली वेडी बाभूळ याच कुळातली) आणि निवडुंगाची फळंही चालतात. सशाची प्राणांतिक किंकाळी ऐकू आली की आयतं खाणं मिळेल या आशेने तो येतो. ही किंकाळी तोंडाने वाजवायच्या पिपाणीतून काढतात किंवा रिमोटवरच्या स्पीकरमधून. पिपाणीत दोन प्रकार आहेत. बंद पत्तीची कुणालाही पहिल्या दिवशी वाजते, पण सूर एकच, आणि कडक थंडीत आतली थुंकी गोठली की मुकी होते. म्हणून ती शर्टाच्या आत ठेवायची. उघड्या पत्तीच्या पिपाणीवर दात आणि ओठ मागेपुढे सरकवले की कॉटनटेलचा बारीक सूरही निघतो आणि जॅकरॅबिटचा घोगराही. तिला सराव लागतो. नवख्याने स्पीकर घ्यावा, पण पिपाणी खिशात असू द्यावी. ऐनवेळी रिमोटची बॅटरी संपणं हा या खेळातला नेहमीचा प्रसंग आहे.

आता वारा. बाकी सगळं जमलं आणि वारा चुकला तर कायोटी आला होता हेही कळत नाही. तो आवाजाकडे सरळ क्वचितच चालत येतो. शेवटचे शंभर-दीडशे यार्ड उरले की वळसा घालून वाऱ्याखाली, म्हणजे वारा आवाजाकडून त्याच्याकडे येईल अशा बाजूला, जातो आणि वास घेऊन खात्री करतो. 'वारा तोंडावर घेऊन बसा' असा सल्ला जागोजाग दिला जातो. तो अपुरा आहे, कारण वारा तोंडावर असला की वाऱ्याखालची बाजू म्हणजे नेमकी तुमची पाठ, आणि तिकडे कुणी बघत नसतं. वारा आडवा घ्यावा. समजा तो डावीकडून उजवीकडे वाहतोय. स्पीकर डाव्या हाताला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, ५०-६० यार्डांवर ठेवायचा. स्पीकरच्या वाऱ्याखाली जायला निघालेला कायोटी मग तुमच्या समोरून जातो. तुमच्या वासाच्या पट्ट्यात शिरण्याआधी त्याला थांबवायला तुम्हाला दहा-पंधरा सेकंद मिळतात. उजवीकडची जमीन मोकळी हवी. तिथे दाट झुडपं किंवा खोल ओहोळ असेल तर जागा कितीही चांगली दिसली तरी सोडून द्यावी.

वाळवंटातला वारा दिवसभर एका दिशेने वाहत नाही, हेही धरून चालावं लागतं. पहाटे थंड हवा जड होऊन उतारावरून कोरड्या ओहोळांतून खाली वाहते. ऊन तापलं की नऊ-दहाच्या सुमाराला तीच हवा उताराने वर चढू लागते. मधला तासभर ती कुठेही वळते, आणि पहाटे ठरवलेली बैठक (एका जागी बसून आवाज लावण्याची खेप) त्या तासात बिनकामाची ठरते. छोट्या पिळायच्या बाटलीत बिनवासाची पावडर ठेवून दर बैठकीआधी आणि बैठकीच्या मध्येही एक फुंकर सोडून बघणं हा यावरचा साधा उपाय आहे. दुकानात मिळणारे वास मारणारे फवारे आमच्या मते पैसे उडवण्याचे आहेत. कायोटीच्या नाकाला फवाऱ्याचाही वास येतो. वारा ताशी २५ किलोमीटरच्या वर गेला की आवाज पोचत नाही. मग बैठका जवळजवळ घ्याव्यात किंवा घरी जावं.

डिसेंबरच्या मध्यावर टूसॉनला सूर्य साधारण सव्वासातला उगवतो आणि पाच-वीसच्या आसपास मावळतो. ॲरिझोनात शिकार सहसा दिवसाच्या उजेडातच करायची असते, त्यामुळे पहिल्या बैठकीत पावणेसातला, उजाडता उजाडता, स्थिर झालेलं असावं. साडेनवापर्यंतच्या दोन-तीन बैठका सगळ्यांत मोलाच्या, मग दुपारी मंदी, आणि शेवटचे दोन तास पुन्हा चांगले. दिवसात आठ ते दहा बैठका होतात. चार-पाच बैठकांत एक कायोटी दिसला तरी दिवस वाईट नाही म्हणायचा. ढीग वगैरे कादंबरीत. दोन बैठकांत सपाट, क्रिओसोटच्या झुडपांच्या मुलखात एक ते दीड किलोमीटर अंतर ठेवतात; टेकड्या आणि ओहोळ आवाज अडवतात तिथे त्याच्या निम्मं पुरतं. जागा आदल्या दिवशी बघून ठेवाव्यात. दोन ओहोळ मिळतात तिथली वाळू, गुरांच्या पाण्याचे मातीचे तलाव आणि कच्च्या रस्त्यांचे फाटे इथे पावलं आणि विष्ठा सापडतात. विष्ठेत केस, शेंगांच्या बिया आणि हाडांचा चुरा असेल तर ती ताजी आहे का एवढंच बघायचं.

गाडी टेकाडाआड, तीन-चारशे यार्डांवर उभी करायची. दार आपटायचं नाही, आणि रिमोटने कुलूप लावताना होणारी ती 'टिंग' बंद ठेवायची. तेवढ्या आवाजाने सकाळची सर्वांत चांगली बैठक जाते. चालत जाताना ज्या दिशेने कायोटी येणं अपेक्षित आहे तो भाग तुडवायचा नाही आणि टेकाडाच्या माथ्यावर आकाशासमोर उभं राहायचं नाही. माथ्याच्या थोडं खाली, सूर्य पाठीशी घेऊन, मेस्किट किंवा पालो वर्देच्या सावलीत, पाठ बुंध्याला लावून बसायचं. झुडपामागे लपलं तर बंदूक वळवता येत नाही. झुडपासमोर त्याच्या सावलीत बसलं की आकार मोडतो आणि समोरचं दिसतं. चेहरा आणि हात झाकलेले हवेत. कपड्यांच्या रंगापेक्षा हालचाल जास्त घातक असते, म्हणून बंदूक आधीच तिकाटण्यावर, कायोटी जिकडून यायची शक्यता जास्त तिकडे रोखलेली असावी. डोकं वळवायचं तेही सावकाश.

बसल्यावर एक-दोन मिनिटं काही करायचं नाही. मग सुरुवात हळू आवाजात, कारण कायोटी शंभर यार्डांवरच्या झुडपात झोपलेला असू शकतो आणि कानाशी मोठा आवाज फुटला तर तो उलट दिशेने पळतो. अर्धा-पाऊण मिनिट वाजवून मिनिट-दोन मिनिटं शांत, मग आवाज वाढवत न्यायचा. मोकळ्या वाळवंटात येणारा बहुधा पहिल्या दहा मिनिटांत येतो. तरी पंधरा ते वीस मिनिटं बसावं. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत कायोटीच्या पिल्लाच्या कळवळण्याचा आवाज लावला तर लांब बसून नुसता ऐकणारा एखादा उठून येतो. जानेवारी-फेब्रुवारी हा त्यांचा जोडी जमवण्याचा काळ, तेव्हा सशापेक्षा एकट्या मादीची हाळी जास्त चालते. उठण्याआधी दुर्बिणीने चौफेर बघायचं. सर्वांत जास्त कायोटी वाया जातात ते शिकारी 'काही नाही इथे' म्हणून उभा राहतो त्या क्षणी, आणि तो पाहिलेला कायोटी पुढच्या वेळी तोच आवाज ऐकून हलत नाही. फिनिक्सच्या दोन तासांच्या परिघातल्या सोप्या जागांवर जानेवारीपर्यंत प्रत्येक कायोटीने सशाची किंकाळी पन्नासदा ऐकलेली असते. तिथे सुतारपक्ष्याचा कल्ला किंवा नुसती हाळी लावून बघावी.

बंदुकीबद्दल लेखात 'मोठ्या रायफली' म्हटलं आहे. इथला कायोटी नऊ ते तेरा किलोचा असतो, मोठ्या रायफलीचं कामच नाही. २२३ रेमिंग्टनची ५५ ग्रेनची गोळी पुरते. २२-२५० तीच गोळी अधिक वेगाने फेकते आणि लांबवर सपाट जाते. २२३ वर बसवलेली दुर्बीण २०० यार्डांवर जुळवली तर १०० यार्डांवर गोळी साधारण दीड-दोन इंच वर लागते आणि ३०० यार्डांवर आठ-नऊ इंच खाली. छातीत वर्माची जागा जेमतेम पाच-सहा इंचांची असल्यामुळे २२० यार्डांच्या पुढे अंदाज चालत नाही. वाळवंटाच्या स्वच्छ हवेत अंतर नेहमी कमी वाटतं, म्हणून बसल्याबसल्या आजूबाजूच्या दोन-तीन झुडपांची अंतरं यंत्राने मोजून ठेवावीत. दुर्बीण ३ ते ९ पटीची असेल तर ती ३ वर ठेवावी. ९ वर ठेवून चाळीस यार्डांवरचा कायोटी शोधायला गेलं की काचेत फक्त झुडूप दिसतं. दाट ओहोळांत बारा बोअरची बंदूक आणि जाड छर्रे बरे, पण चाळीस यार्डांच्या आत. त्यापुढे छर्रे पांगतात आणि जनावर जखमी होऊन जातं.

दोघं असतील तर छर्ऱ्यांची बंदूक वाऱ्याखालच्या बाजूला, रायफल मोकळ्या बाजूला. कुणाचा पट्टा कुठून कुठपर्यंत हे बसण्याआधी झाडं-खडक दाखवून ठरवायचं आणि जनावर कितीही जवळून गेलं तरी दुसऱ्याच्या पट्ट्यात नळी न्यायची नाही. येणारा कायोटी धावत असतो. तोंडाने एक आखूड 'वुफ' केलं की तो थबकतो, आणि बार तेव्हाच टाकायचा. दोनदा भुंकलं तर पळतो. माथ्यावर आकाशासमोर उभ्या कायोटीवर बार नाही, कारण चुकलेली रायफलची गोळी तीन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. मागे मातीचा उतार हवा. खडकावर गोळी उलटते. बार झाला की लगेच उठायचं नाही, पिल्लाचा आवाज लावून आणखी चार-पाच मिनिटं बसायचं. बऱ्याचदा जोडी असते. नंतर एकाने जागेवरच बसून दुसऱ्याला हाताने दिशा दाखवायची. शंभर यार्ड चालल्यावर सगळी क्रिओसोटची झुडपं एकसारखी दिसतात आणि पडलेलं जनावर सापडत नाही.

ओळखीचा प्रश्न लेखात नाहीच, आणि तो सगळ्यांत गंभीर आहे. ॲरिझोनाच्या पूर्व डोंगराळ भागात १९९८ पासून मेक्सिकन लांडगे पुन्हा सोडले गेले आहेत आणि त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. लांडगा कायोटीच्या दुप्पट-अडीचपट वजनाचा, कान लहान आणि गोलसर, तोंड रुंद, पाय लांब, गळ्यात बहुधा रेडिओचा पट्टा. कायोटीचे कान डोक्याच्या मानाने मोठे आणि टोकदार, तोंड निमुळतं. पण एकटा लांडगा दोनशे यार्डांवर असेल तर आकाराचा अंदाज चुकतो, म्हणून त्या भागात शंका आली की बंदूक खाली. कुत्र्यांबाबत शेपटी बघावी. कायोटी पळताना ती खाली ठेवतो, कुत्रा सहसा वर. ग्रे फॉक्स आणि बॉबकॅटही याच आवाजाला येतात आणि त्यांचा हंगाम वेगळा असतो. कायोटी ॲरिझोनात वर्षभर खुला आहे, संख्येची मर्यादा नाही. तरी एप्रिल ते जुलै त्याला बोलावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तेव्हा बिळात पिल्लं असतात, पिल्लाच्या आवाजावर आई-बाप बेभान होऊन येतात आणि मागे उरलेली पिल्लं उपासाने मरतात. कायदा अडवत नाही, पण याला शिकार म्हणता येत नाही.

उन्हाळा टाळण्याचं दुसरं कारण रॅटलस्नेक. थंडीत ते बहुतेक बिळात असतात, पण ऑक्टोबरात आणि मार्चपासून बुंध्याशी पाठ टेकण्याआधी काठीने बघून घ्यावं. चोया नावाच्या निवडुंगाचे गोळे बुटाला नुसते शिवले तरी तुटून चिकटतात. हाताने ओढले तर हातात रुततात. खिशात मोठ्या दातांची फणी आणि चिमटा ठेवावा. पाणी माणशी दिवसाला चार लिटर. मेलेल्या कायोटीला हातमोज्यांशिवाय हात लावू नये. त्याच्या पिसवांतून प्लेग येऊ शकतो, खरूज असते आणि रेबीजचीही शक्यता धरावी. कातडं काढणार असाल तर जनावर आधी पिशवीत बंद करून पिसवा मारतात. त्या कातड्याला आता भाव नाही. वाळवंटी कायोटीची लव मुळातच विरळ, आणि थंडीच्या जाकिटांच्या टोपीला कायोटीची झालर लावणाऱ्या कॅनडा गूस कंपनीने २०२१ मध्ये प्राण्यांची लव वापरणं थांबवण्याची घोषणा केल्यावर उरलासुरला बाजारही बसला. मेलेलं जनावर रस्त्याकडेला किंवा पाणवठ्याजवळ टाकू नये. उत्तर ॲरिझोनात १९९६ पासून सोडलेले काँडॉर (गिधाडासारखे मोठे पक्षी) असली मढी खातात आणि शिशाचे कण पोटात जाऊन मरतात. तिथे तांब्याची गोळी वापरावी. राज्याचं वन्यजीव खातं स्वतः बिनशिशाच्या गोळ्यांचा आग्रह धरतं.

आता इथे राहणाऱ्या मराठी माणसासाठी सर्वांत महत्त्वाचं. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्याला अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. याला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. मित्राची बंदूक 'जरा बघू' म्हणून हातात घेणंही बाळगण्यातच मोडू शकतं, आणि फटका नुसत्या दंडाचा नसतो, व्हिसाला बसतो. ॲरिझोनाचा परवाना खरेदीपासून ३६५ दिवस चालतो. तो संपल्याची तारीख कायोटीसाठी नाही, स्वतःसाठी लक्षात ठेवायची. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. परवाना नसेल तर दुर्बीण घेऊन शेजारी बसावं आणि बंदुकीला हात लावू नये.

वस्ती असलेल्या घरापासून पाव मैलाच्या आत घरमालकाच्या परवानगीशिवाय बार टाकता येत नाही. सग्वारो नॅशनल पार्कमध्ये शिकार बंद आहे. टूसॉनच्या पश्चिमेला टोहोनो ओओडम या आदिवासी राष्ट्राची फार मोठी जमीन आहे. तिथे कुंपण दिसलं नाही तरी हद्द असते आणि त्यांच्या परवानगीशिवाय आत जायचं नाही. फोनवर जमिनीची मालकी दाखवणारा नकाशा आधीच उतरवून ठेवावा; बैठकीच्या जागी नेटवर्क नसतं.

आता त्या सेवेबद्दल. कायोटी मारून कायोटी कमी होतात हे शंभर वर्षांच्या अनुभवाने खोटं ठरवलं आहे. विषं, सापळे, इनामं, विमानातून गोळ्या हे सगळं करूनही हा प्राणी आज अलास्कापासून पनामापर्यंत पसरला आहे. कॉनली आणि लाँगहर्स्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या गणितानुसार दरवर्षी ७५ टक्के कायोटी मारले तरी ते संपायला सुमारे पन्नास वर्षं लागतील. कारण उरलेल्यांना खाणं जास्त मिळतं, वेतात पिल्लं जास्त होतात आणि जगतातही जास्त, आणि रिकाम्या झालेल्या टापूत शरद ऋतूत घराबाहेर पडलेली तरुण जनावरं लगेच येऊन बसतात. डिसेंबरात अर्ध्या वाळवंटावर विखुरलेले दहा-वीस कायोटी मारल्याने मे महिन्यात कुणाचं वासरू वाचत नाही. युटा राज्याने २०१२ च्या कायद्याने हरणांसाठी म्हणून कायोटीमागे ५० डॉलर लावले. कुठला कायोटी, कुठे, कधी मारला याला त्यात फारसं महत्त्व नसतं, आणि आमच्या मते तिथेच ती योजना फसते. उपयोग होतो तो लहान टापूत, विणीच्या ऐन आधी, त्याच जागी राहणाऱ्या जोड्यांवर लक्ष दिलं तर. फ्लॅगस्टाफजवळच्या अँडरसन मेसा या पठारावर प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्याच्या पाडसांसाठी वन्यजीव खात्याने हवेतून जे कायोटी मारले ते या हिशेबाने, आणि तो परिणामही ते थांबवलं की ओसरतो. ज्याला शिकार करायची त्याने ती शिकार म्हणून करावी. सेवेचं सोंग घेतलं की पुढे बक्षिसांच्या स्पर्धा येतात, आणि त्या ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या दोन्ही राज्यांनी २०१९ मध्ये बंद केल्या, तेही शिकारीला एरवी मोकळीक देणाऱ्या राज्यांनी.

सुट्टीत भारतात येताना हा स्पीकर सामानात घालून आणण्याचा मोह काहींना होतो: सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर लांडगा किंवा पुण्याच्या आसपास कोल्हा जवळ बोलावून फोटो काढू म्हणून. तो आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबरच हुसकावणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. लांडगा पहिल्या अनुसूचीत आहेच, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हाही.

आपला,
एक वाचक, टूसॉन, ॲरिझोना